अभिभाषणात उल्लेख नाही

भारताच्या राष्ट्रपती संसदेत सकाळी अकराला बोलतात. या एका गोष्टीमुळं त्यांचा निम्मा प्रेक्षक कायमचा हुकला आहे. अकरा वाजता बेलपाड्यात टीव्हीसमोर असतं कोण? नोकरदार लोकलला लोंबकळून केव्हाच मुंबईकडं गेलेले. पोरं शाळेत. बाया मासळीवालीशी भाव करण्यात गुंतलेल्या. उरतात ते पेन्शनर, आज्या, स्पर्धा परीक्षांची पोरं आणि सलूनच्या खुर्चीत बसलेलं गिऱ्हाईक. गिऱ्हाइकाची मान वस्तऱ्याखाली असते, त्यामुळं ‘चॅनल बदला’ म्हणायचा त्याचा मूलभूत अधिकार तेवढ्यापुरता स्थगित झालेला असतो. प्रजासत्ताकातलं सगळ्यात मानाचं भाषण या चौघांच्या भरवशावर चालतं.

ज्यांना बेलपाडा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. बेलापूरहून नवी मुंबई मेट्रोत बसलं की उत्सव चौकाच्या आधीचं स्टेशन ते बेलपाडा. पत्ता खारघर, महापालिका पनवेल, जिल्हा रायगड, आणि दादरचा पाहुणा भेटला तर ‘आम्ही नवी मुंबईला असतो’. मूळ गाव आगऱ्यांचं. भातशेतीवर टॉवर आले, गावठाण मधोमध राहिलं, फक्त कौलं जाऊन त्या जागी तीन-तीन मजले चढले. अशाच एका घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्यानं राहतो. तळमजल्यावर मालक. धाकट्या लेकाच्या हळदीच्या वर्षी त्यांनी पंचावन्न इंची टीव्ही घेतला. तो बाहेरच्या खोलीत आहे, बाहेरच्या खोलीचं दार उघडं असतं, आणि आगऱ्याच्या घराचं दार उघडं असेल तर ‘येऊ का’ असं विचारणं अपमानाचं समजतात.

३१ जानेवारी २०२५, शुक्रवार. संसदेच्या अर्थसंकल्पी अधिवेशनाचा पहिला दिवस. खाली गेलो तर रिमोट मालकांच्या नातवाच्या हातात होता. हा एमपीएससी करतो. घरात सासू-सुनांच्या मालिकेचं पुनःप्रक्षेपण पाहू इच्छिणारा मोठा पक्ष होता, पण ‘यावर प्रश्न येतात’ एवढं म्हटलं की आमच्याकडं भलेभले गप्प बसतात. दुसऱ्या मजल्यावरचे रेल्वेतून निवृत्त झालेले काका प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. मालक सोफ्यावर आडवे. आणि आजी, म्हणजे मालकांच्या मातोश्री, जमिनीवर परात घेऊन बिरड्याचे वाल सोलत होत्या. भिजवून मोड आलेले वाल एकेक करून सोलायचे हे काम किती वेळ चालतं ते करणाऱ्यालाच माहीत. राष्ट्रपतींचं त्या दिवशीचं भाषण एकोणसाठ मिनिटांचं झालं. आजींच्या हिशेबानं ते ‘परातभर झाला’.

थोडी कायद्याची बाजू. राज्यघटनेच्या ८७व्या कलमानुसार लोकसभेच्या निवडणुकीनंतरच्या पहिल्या आणि त्यानंतर दर वर्षीच्या पहिल्या अधिवेशनाच्या आरंभी राष्ट्रपती दोन्ही सभागृहांसमोर अभिभाषण करतात. मुळात घटनाकारांनी हे प्रत्येक अधिवेशनासाठी ठेवलं होतं. १९५१च्या पहिल्या घटनादुरुस्तीनं ते वर्षातून एकदा केलं. त्या दुरुस्तीतल्या बाकीच्या गोष्टींवर वकील मंडळी अजून भांडतात, पण हा एक बदल टीव्ही नसतानाच्या काळात भावी प्रेक्षकांच्या हिताचा विचार करून केलेला असावा असं मला वाटतं. भाषण राष्ट्रपती वाचतात, लिहितं मात्र सरकार. हे वाचणाऱ्याला ठाऊक असतं, लिहिणाऱ्याला ठाऊक असतं, बाकं वाजवणाऱ्यांना ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते फक्त आजींना, आणि त्यामुळं ते भाषण खऱ्या अर्थानं ऐकणाऱ्या त्या एकट्याच.

‘मेरी सरकार’ असं राष्ट्रपती म्हणाल्या तेव्हा आजींनी वाल खाली ठेवला. “हिचा सरकार हाय?”

नातू म्हणाला, “म्हणायचं असतं तसं, आजी.”

“असतं कसा? बाय सांगतं ना, माजा सरकार हाय. मंग तिलाच इचार आपले पान्याचा.”

नातवानं घटनात्मक प्रमुख आणि वास्तविक प्रमुख यांतला फरक समजावायला घेतला. त्याच्या वहीत तो फरक चार ओळींत आहे. आजींनी तो अर्ध्या ओळीत निकालात काढला: घर सुनेच्या नावावर आणि चावी आपल्या कमरेला, असं ना? नातवानं वही मिटली. माझ्या मते एमपीएससीच्या मुलाखत मंडळावर एखादी आजी हवी.

भाषण सुरू होण्याआधीचा भाग मालकांचा. राष्ट्रपतींच्या अंगरक्षक दलाचे घोडेस्वार दिसले की ते उठून बसतात. हे दल १७७३ साली उभं राहिलेलं, लष्करातली सगळ्यात जुनी घोडदळ तुकडी, असं नातू वाचून सांगत होता. मालकांना सनावळीत रस नव्हता. त्यांची शर्यतीच्या बैलांची जोडी आहे, गावाकडं चुलतभावाकडं ठेवलेली. त्यांनी घोड्यांची छाती पाहिली, पावलं पाहिली, खुराक काय असेल याचा अंदाज बांधला आणि “जनावर राखलंय बाकी” असं प्रशस्तिपत्र दिलं. भाषणातल्या कोणत्याही धोरणाला त्यानंतर तासाभरात त्यांच्याकडून एवढा स्पष्ट पाठिंबा मिळाला नाही.

मग खासदार शोधणं. हा खेळ देशभर चालत असणार, पण आमची अडचण वेगळी आहे. आम्ही मावळ मतदारसंघात. हा मतदारसंघ इकडं पनवेल-उरण-कर्जत आणि घाट चढून तिकडं मावळ-पिंपरी-चिंचवड असा पसरलेला. आमचा खासदार आणि आम्ही यांच्यामध्ये पक्ष नाही, बोरघाट येतो. कॅमेरा फिरायला लागला की काका चष्मा सावरून “तो बघा, तो बघा, मागून चौथा” असं ओरडतात आणि तोवर कॅमेरा मंत्र्यांवर गेलेला असतो. आपला खासदार दिसेना म्हटल्यावर मंडळी ओळखीच्या चेहऱ्यांकडं वळली. अमोल कोल्हे दिसतात का ते पाहण्यात वहिनींना, म्हणजे मालकांच्या सुनेला, रस होता, कारण त्यांनी मालिकेत साकारलेल्या संभाजीराजांचा शेवट पाहताना या घरात दोन दिवस कुणी धड जेवलं नव्हतं. कुणीतरी सांगितलं की दूरदर्शनच्या रामायणातले राम, अरुण गोविल, आता मेरठचे खासदार आहेत. आजींनी लगेच पदर सारखा केला. पुढची दहा मिनिटं देशाचं परराष्ट्र धोरण, संरक्षण उत्पादन आणि अंतराळ कार्यक्रम हे सगळं आमच्या खोलीतून श्रीरामाच्या शोधात निघून गेलं.

बाकं वाजवण्याबद्दल आजींचं मत पहिल्यापासून प्रतिकूल आहे. “टाल्या वाजवाव्या. टेबल कशाला बरवतात?” सत्ताधारी बाजू वाजवत होती आणि समोरची बाजू हाताची घडी घालून बसली होती. मालक म्हणाले, “हे बरं आहे. हात बघून पक्ष कळतो. आमच्याकडं लग्नात पंगतीला बसल्यावर कळतो.”

भाषणात मधेच एक क्षण असा आला की काका खुर्चीतून पुढं सरकले. आठवा वेतन आयोग. तोवर ते अधूनमधून डोळे मिटत होते. चिंतन, असं त्यांचं म्हणणं. आयोगाचं नाव निघताच त्यांनी हात वर करून खोलीत शांतता प्रस्थापित केली. वाक्य एकच होतं. वाक्य संपलं, भाषण पुढच्या विषयाकडं गेलं, पण काका त्या वाक्यापाशीच थांबले. फिटमेंट फॅक्टर किती धरतील, पेन्शनला कधीपासून लागू करतील, थकबाकी एकरकमी देतील की हप्त्यांनी, या प्रश्नांवर त्यांनी मला गाठलं. मी कसलाच पेन्शनर नाही हे सांगून उपयोग झाला नाही. शेवटी ते उठले आणि वर गेले. नंतर कळलं की त्यांनी जुनी पेन्शनची ऑर्डर काढून हिशेब मांडला होता. माझ्या पाहण्यात तरी एखाद्या अभिभाषणावर इतकी तातडीची कार्यवाही कोणत्याही मंत्रालयानं केलेली नाही.

मेट्रोचा विषय आला तेव्हा मात्र सगळी खोली एक झाली. देशातलं मेट्रोचं जाळं १००० किलोमीटरच्या पुढं गेलं असं राष्ट्रपती म्हणाल्या. नातवानं आकडा टिपला. मालक म्हणाले, “त्यात आपले अकरा धर.” बरोबर होतं. बेलापूर ते पेंधर ११ किलोमीटर, ११ स्थानकं. १ मे २०११ला भूमिपूजन आणि १७ नोव्हेंबर २०२३ला पहिली गाडी. भूमिपूजनाच्या वेळी बालवाडीत असलेली पोरं पहिल्या गाडीत बसून कॉलेजला गेली. तेव्हा ‘हजारात आपले अकरा’ हा अभिमान आम्हाला फुकट मिळालेला नाही, बारा वर्षं खांब बघून मिळाला आहे. आजी अजून एकदाही मेट्रोत बसलेल्या नाहीत. सरकत्या जिन्याला घाबरतात. पण अकरा किलोमीटरवर त्यांचाही दावा आहे, कारण त्यांच्या म्हणण्यानुसार एक खांब त्यांच्या सासऱ्यांच्या खाचरात आहे.

सत्तर वर्षांवरच्या सगळ्यांना आयुष्मान योजनेत पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं कवच, सहा कोटी ज्येष्ठांना लाभ, हेही आलं. यावर आजींच्या वयाची चर्चा झाली. आधारवर त्यांची जन्मतारीख १ जून आहे. मालकांचीही १ जून. मालकांच्या थोरल्या भावाचीही १ जून. ज्या काळात मास्तरांनी शाळेत नाव घालताना तारीख ठरवली त्या काळातलं अर्धा बेलपाडा एकाच दिवशी जन्मला आहे. आजी शाळेतच गेल्या नाहीत, तरी १ जूनमधून सुटल्या नाहीत.

भाषण रंगात असताना दारात एक बाई येऊन टेकल्या. खारघरच्या डोंगरावरच्या वाडीतून येतात, ठाकर समाजाच्या. जानेवारीत वालाच्या शेंगा आणि पोपटीला लागणारा भांबुर्ड्याचा पाला घेऊन गावात फिरतात. (ज्यांनी पोपटी खाल्लेली नाही त्यांनी रायगडात थंडीत एकदा यावं. शेंगा, अंडी, कोंबडी मडक्यात भरून भांबुर्ड्याचा पाला कोंबून मडकं उलटं करून जाळात. याहून जास्त इथं सांगत नाही, विषय सुटेल.) त्यांनी टोपली खाली ठेवली आणि पडद्याकडं पाहत राहिल्या.

“ही आदिवासी हाय ना?”

नातवानं तपशील पुरवला. द्रौपदी मुर्मू, संथाल समाजाच्या, ओडिशातल्या मयूरभंज जिल्ह्यातलं उपरबेडा गाव, २५ जुलै २०२२ला शपथ घेतली, या पदावर बसलेल्या पहिल्या आदिवासी.

“तिच्या गावाला लाइट हाय?”

हा प्रश्न त्या दिवशी त्या खोलीत पडलेला सगळ्यात नेमका प्रश्न होता, आणि योगायोग असा की त्याचं उत्तर वर्तमानपत्रांत येऊन गेलेलं आहे. २०२२ साली मुर्मू यांची उमेदवारी जाहीर झाली तेव्हा त्यांच्या मूळ गावातल्या एका पाड्यावर वीज पोचलेली नसल्याच्या बातम्या आल्या, आणि मग घाईघाईनं खांब आणि तारा तिथं रवाना झाल्या. नातवानं हे सांगितल्यावर बाई हसल्या. टोपली डोक्यावर घेत म्हणाल्या, “मंग आमच्या वाडीतलीपन एखादी तिथं नेऊन बसवा.”

त्या गेल्या. आजींनी त्यांच्याकडून शेंगा घ्यायच्या राहिल्या म्हणून नातवाला पळवलं. अंतराळवीर, सेमीकंडक्टर आणि कृत्रिम बुद्धिमत्ता या विषयांवरची त्याच्या वहीतली दोन पानं त्यामुळं आजही कोरी आहेत.

बारा वाजता राष्ट्रगीत झालं. आजी उभ्या राहिल्या, परात बाजूला सारून, ओल्या हातानं. राष्ट्रगीत संपताच त्यांनी पहिला प्रश्न केला, आणि मला त्या वेळेपर्यंत लक्षात न आलेली गोष्ट लक्षात आली. “आपले पान्याचा काय बोलली का?” नाही. मालकांनी विचारलं, नवी मुंबईच्या विमानतळाच्या नावाचं? नाही. वहिनींनी विचारलं, गॅसच्या भावाचं? कानावर आलं नाही. काका जिन्यातून वाकून विचारत होते, पेन्शनरांचं वेगळं काही? नाही. वर्षभराची देशाची कामं, हजारो कोटींचे आकडे, तासभराचं वाचन, आणि त्यावर सगळ्या घराची प्रतिक्रिया एका वाक्यात बसत होती: आमचा उल्लेख नाही.

आता गंमत पाहा. अभिभाषणानंतर संसदेत आभारदर्शक प्रस्ताव येतो. आम्ही सदस्य राष्ट्रपतींचे अत्यंत ऋणी आहोत, असा. त्यावर विरोधक दुरुस्त्या सुचवतात, शेकड्यांनी सुचवतात, आणि त्या दुरुस्त्यांचा साचा वर्षानुवर्षं ठरलेला आहे: ‘परंतु खेद वाटतो की अभिभाषणात अमुक गोष्टीचा उल्लेख नाही.’ म्हणजे कायदेपंडितांनी घासूनपुसून जो साचा केला, नेमक्या त्याच साच्यात आजी बोलत होत्या. फरक इतकाच की खासदारांना आधी सूचना द्यावी लागते, आजींना लागत नाही. लोकसभेत अशा दुरुस्त्या पडतात, कारण बहुमत सरकारचं असतं. राज्यसभेत मात्र १९८०, १९८९, २००१, २०१५ आणि २०१६ अशा पाच वेळा सरकारवर नामुष्की आली आणि प्रस्ताव दुरुस्तीसह संमत झाला. आजींची दुरुस्ती त्यांच्या घरात आवाजी मतदानानं, एकमतानं मंजूर झाली. सत्ताधारी पक्षाला मत दिलेले मालकसुद्धा बाजूनं होते. पाण्याच्या प्रश्नावर आमच्याकडं पक्षादेश चालत नाही.

त्या दिवशी संध्याकाळी बातम्यांत पाणीही नव्हतं आणि मेट्रोही. संसदेबाहेर सोनिया गांधी म्हणाल्या की राष्ट्रपती शेवटी शेवटी फार दमल्या होत्या. त्यावर वादळ उठलं. राष्ट्रपती भवनानं पत्रक काढून सांगितलं की त्या कोणत्याही क्षणी दमल्या नव्हत्या. रात्री सगळ्या वाहिन्यांवर वाचणारं दमलं होतं की नव्हतं यावर चर्चासत्रं. ऐकणाऱ्यांचं काय, हे एकाही निवेदकानं विचारलं नाही. आजी दुपारीच म्हणाल्या होत्या, “एवरा येल उभी हाय बाय, पानी तरी दिला का तिला कुनी?” पण आजींच्या विधानावर पत्रक निघत नाही, आणि त्यांना त्याची खंत नाही.

दुसऱ्या दिवशी, १ फेब्रुवारीला, त्याच टीव्हीसमोर मुंगी शिरायला जागा नव्हती. शनिवार होता हे एक कारण. दुसरं म्हणजे अर्थसंकल्प. बारा लाखांपर्यंत आयकर नाही हे वाक्य येताच आमच्या जिन्यात जो आरडाओरडा झाला तसा त्याआधी भारतानं विश्वचषक जिंकल्यावरच झाला होता. ओरडणाऱ्यांत बारा लाख मिळवणारा बहुधा कुणी नव्हता. बायकांनी अर्थमंत्र्यांची मधुबनी काठाची साडी पाहिली आणि आदल्या दिवशीच्या राष्ट्रपतींच्या साडीशी तुलना सुरू झाली. त्या चर्चेचा दर्जा वाहिन्यांवरच्या अर्थतज्ज्ञांपेक्षा वरचा होता, निदान तिथं बोलणाऱ्या बायकांना विषय माहीत होता.

साडीवरून आठवण प्रतिभाताई पाटलांची निघते. २००७ ते २०१२ त्या राष्ट्रपती होत्या, जळगावच्या, म्हणजे आपल्या. त्या काळात वहिनी नव्या नवरी होत्या आणि सासूबाईंनी त्यांना अभिभाषण मुद्दाम दाखवलं होतं. देशाच्या प्रगतीसाठी नव्हे. एवढा वेळ बोलूनही डोक्यावरचा पदर ढळला नाही हे सोदाहरण पटवून द्यायला. वहिनींनी त्यावर काय दुरुस्ती सुचवली ते त्या आजही सांगत नाहीत.

अभिभाषणाचं थेट प्रक्षेपण सुरू झालं ते २० डिसेंबर १९८९ला. राष्ट्रपती रामस्वामी वेंकटरामन, पंतप्रधान विश्वनाथ प्रताप सिंह. दूरदर्शनवर तेव्हा दर रविवारी महाभारत चालू होतं, त्यामुळं बुधवारी सकाळी दरबार भरलेला पाहून गावातल्या काही म्हाताऱ्यांनी हात जोडले होते असं मालक सांगतात. त्यांचं दुःख दुसरंच आहे. पनवेल-उरणचे शेतकऱ्यांचे पुढारी दि. बा. पाटील १९७७ला आणि पुन्हा १९८४ला कुलाबा मतदारसंघातून लोकसभेत गेले. राष्ट्रपतींच्या समोर दिबा बसत होते तेव्हा कॅमेरा नव्हता, आणि कॅमेरा आला त्या लोकसभेत दिबा नव्हते. “आमचा मानूस दिसायचा तवा दावला नाय,” असं मालक म्हणतात, आणि ही दुरुस्ती मात्र कोणत्याही सभागृहाला मंजूर करता येणार नाही.

आपल्या राज्यातही हा सोहळा होतो. १७६व्या कलमानं राज्यपाल विधिमंडळासमोर अभिभाषण करतात. मनोरंजनाच्या बाबतीत मुंबईनं दिल्लीला केव्हाच मागं टाकलंय हे नम्रपणे सांगायला हवं. २६ फेब्रुवारी २०१८, मराठी भाषा दिनाचा आदला दिवस. राज्यपाल विद्यासागर राव बोलत होते आणि सदस्यांच्या कानातल्या यंत्रात मराठी अनुवाद येईना. गुजराती ऐकू येतंय, अशी तक्रार विरोधकांनी केली. सभागृहात गदारोळ. तेव्हाचे शिक्षणमंत्री विनोद तावडे उठून नियंत्रण कक्षात गेले आणि स्वतः माईकवर मराठी अनुवाद वाचू लागले. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसांना सभागृहात माफी मागावी लागली. २०२२मध्ये राज्यपाल भगतसिंह कोश्यारी घोषणाबाजीत दोन-चार मिनिटांतच भाषण आटोपून निघून गेले. त्या वेळी सलूनमधल्या गिऱ्हाइकाची एका बाजूची दाढीसुद्धा झाली नसेल. वाल सोलणाऱ्यांच्या दृष्टीनं मात्र हे अभिभाषण निरुपयोगी.

अमेरिकेची तऱ्हा निराळी. तिथल्या अध्यक्षांचं भाषण रात्री नऊला, म्हणजे आपल्याकडं हिवाळ्यात सकाळी साडेसातला. ५ मार्च २०२५च्या सकाळी आमच्या इमारतीत डोनाल्ड ट्रम्प यांना जेवढे प्रेक्षक होते तेवढे जानेवारीत दिल्लीला नव्हते. समोरच्या घरातला मुलगा न्यू जर्सीत आहे. त्याची आई एक कान व्हिसाकडं आणि एक नळाकडं ठेवून होती. ट्रम्प सुमारे शंभर मिनिटं बोलले. म्हणजे जवळजवळ दोन पराती. भारत मोटारींवर शंभर टक्क्यांहून जास्त आयातशुल्क लावतो असं त्यांनी म्हटलं तेव्हा काका ताठ झाले. त्यांच्याकडं पंधरा वर्षांची स्कूटर आहे, तरी स्वाभिमान दुखावला. टेक्ससचे वयस्कर खासदार अल ग्रीन काठी उगारून उभे राहिले आणि त्यांना बाहेर नेण्यात आलं. यावर आजींची सहानुभूती पूर्णपणे काठीकडं होती.

त्याच भाषणात ‘गोल्ड कार्ड’ निघालं. पन्नास लाख डॉलर भरा आणि अमेरिकेत राहा. नातवानं हिशेब करून सांगितलं, त्रेचाळीस कोटींच्या घरात. खोलीत सगळ्यांनी हळूच मालकांकडं पाहिलं. सिडकोनं घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांच्या योजनेत परत मिळालेला एक भूखंड त्यांच्या नावावर आहे आणि त्याच्या किमतीबद्दल गावात दंतकथा आहेत. मालकांनी विचार केल्यासारखं केलं. “तिथं शर्यती हायेत?” नाहीत. “पोपटी?” नाही. त्यांनी अमेरिकेचा प्रस्ताव फेटाळला.

अमेरिकेतली एक पद्धत मात्र मला आवडते. भाषण संपलं रे संपलं की वाहिन्या प्रेक्षकांना गाठून विचारतात, कसं वाटलं, किती पटलं, आणि थोड्याच वेळात टक्केवारी पडद्यावर. आमच्याकडं भाषण संपल्यावर काकांचा फोन वाजला तो पर्सनल लोन देणाऱ्या मुलीचा. काकांनी तिलाच आठव्या वेतन आयोगाबद्दल विचारलं. तिनं फोन ठेवला.

तेव्हा मावळ मतदारसंघाच्या खासदारांना, घाटाच्या ज्या बाजूला असतील तिथं, आमची नम्र विनंती आहे. पुढच्या अभिभाषणानंतर आभारदर्शक प्रस्तावावर दुरुस्ती देणार असाल तर मसुदा करायचे कष्ट घेऊ नका. तो तयार आहे: परंतु खेद वाटतो की अभिभाषणात बेलपाड्याच्या पाण्याचा उल्लेख नाही. खाली आजींचा अंगठा घेऊन ठेवला आहे. सत्ताधारी बाकांवर असल्यामुळं तुम्हाला ती देता येत नसेल तर घाट उतरून एकदा आमच्याकडं या. शक्यतो जानेवारीत या, पोपटी करू. आणि येताना पाण्याची बाटली बरोबर आणा.